लोडवर

फोरमन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांना फोरमन म्हणायचं कुणी सोडलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरातले तीन जनरेटर त्यांनी एकतीस वर्षं सांभाळले. वीज गेली आणि अकरा सेकंदांत जनरेटरचा सेट चालू झाला नाही, असं एवढ्या वर्षांत दोनदाच झालं, आणि त्या दोन्ही तारखा ते कुणी न विचारता वारासकट सांगत. आता जुना जनरेटर विकत घेणारे लोक त्यांना बोलवायचे. ते जायचे, सेट तपासायचे, वहीचं पान फाडून त्यावर घ्यावा की घेऊ नये ते लिहायचे आणि खाली पूर्ण सही करायचे. 'बहुधा', 'साधारण' असले शब्द त्यांच्या कागदावर कधी नसत. जुना माल विकणारे बरेच जण त्यामुळे त्यांच्यावर खार खाऊन होते.

त्यांची एकुलती एक लेक ज्याला दिली होती, तोही जुना माल विकायचाच धंदा करायचा. जावई तरुणपणी एक्स्चेंजमध्ये दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली होता. हात चलाख, जीभ गोड. फोरमननीच त्याला एकदा घरी जेवायला आणलं, मग दोनदा आणलं, मग बायकोशी बोलून लेकीचं ठरवलं. पुढे त्यानं नोकरी सोडून जुन्या यंत्रांचं गोडाऊन टाकलं. जावयाच्या गोडाऊनमधला माल फोरमननी तपासायचा नाही, हे दोघांत कधी बोलून ठरलं नव्हतं. पण सहा वर्षं पाळलं गेलं होतं.

एके दिवशी सकाळी एका डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांचं डायलिसिस सेंटर होतं, आठ खाटांचं. साडेबासष्ट केव्हीएचा जुना सेट पाहून ठेवला होता.

"तुमचं नाव मला विकणाऱ्यानंच सांगितलं," बाई म्हणाल्या. "म्हणाला, तपासायचा तर त्यांच्याकडूनच तपासून घ्या, म्हणजे तुमच्या मनात किंतू राहायला नको. असा विक्रेता मी तरी पहिल्यांदाच पाहिला. मीच गाडी घेऊन येते तुम्हाला न्यायला."

फोरमनना बरं वाटलं. विकणाऱ्यानं आपलं नाव सुचवावं असं आजवर झालं नव्हतं. त्या भरात कुठे जायचं ते विचारायचंही राहिलं.

गाडी ओळखीच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती थांबली ती जावयाच्या गोडाऊनच्या फाटकासमोर. बाई फोनवर कुठल्याशा नर्सला औषधांचं सांगत होत्या. फाटकातून जावई पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले.

"या या, फोरमनसाहेब. फार नाव ऐकलंय तुमचं."

मागच्याच रविवारी हा माणूस त्यांच्या घरी पाय पसरून झोपला होता आणि उठल्यावर "बाबा, पंखा जरा वाढवा हो" म्हणाला होता. फोरमननी वर पाहिलं. गोडाऊनवरच त्याचं घर होतं. गॅलरीत लेक कपडे वाळत घालत होती. तिची आणि त्यांची नजरानजर झाली, आणि ती हातातला टॉवेल तसाच दोरीवर टाकून आत गेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "फार नाव ऐकलंय" हे वाक्य इतकं सफाईनं आलं होतं की ते खोडायला तोंड उघडेपर्यंत बाई शेडमध्ये शिरल्या होत्या. फोरमन मुकाट्यानं मागोमाग गेले.

सेट वरून छान दिसत होता. ताजा रंग. त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला.

"गरम आहे."

"सकाळी जरा फिरवून पाहिला, साहेब," जावई म्हणाला. "तुम्ही येणार, ऐन वेळी फजिती नको."

"फजिती होते का ते बघायलाच मी आलोय. गार होऊ द्या. मग चालू करू."

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"चार तास. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं, मॅडम. तुमच्याकडे वीज जाईल तेव्हा ते गार असणार आहे."

बाईंना पटलं. दुपारी दोनला परत येते म्हणून त्या गेल्या. गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेल्याबरोबर जावई बाकड्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"बाबा, चहा सांगू?"

"आता बाबा का?"

"खोटं काय बोललो मी? नाव ऐकलेलं नाही का तुमचं?" तो हसला. फोरमन हसले नाहीत. मग त्यानं आवाज खाली आणला. "सांगितलं असतं तर तुमच्या सहीचा उपयोग काय होता? लग्न झाल्यापासून तुमच्याकडे कधी काही मागितलंय का मी? सेट चांगला आहे. त्यांच्या भागात वीज जाते ती वीस मिनिटं, अर्धा तास. तेवढ्याला त्याला काही धाड भरत नाही."

"चांगला आहे तर मग सकाळी तापवून का ठेवलात?"

लेक चहा घेऊन खाली आली. कप ठेवताना तिचा हात त्यांच्या हाताला लागला.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाल हेही माहीत होतं," ती कपाकडे बघत म्हणाली. "म्हणून सांगितलं नाही. बाबा, एवढं एक करा. या वर्षी यांचं काहीच मनासारखं झालेलं नाही. रात्र रात्र जागे असतात."

त्यांनी तेव्हा उठून घरी जायला हवं होतं, असं पुढे त्यांची बायको कितीतरी वेळा म्हणाली. ते म्हणायचे, मी गेलो असतो तर दुसरा कुणी आला असता, सायलेन्सरजवळ उभं राहून मान डोलावली असती आणि सही करून मोकळा झाला असता. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. तो सेट चांगला निघावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. चांगला निघाला असता तर सकाळचं ते नाटक पोटात घालून, रविवारी नेहमीसारखी जावयाची थट्टा करून, सगळं मिटलं असतं.

दुपारी बाई आल्या. फोरमननी डिपस्टिक काढून बोटाला तेल लावून पाहिलं. तेल नवं कोरं होतं. त्यावरून जुनं काहीच कळलं नसतं, आणि ते बहुधा त्यासाठीच बदललं होतं. तासांचा मीटर तीन हजार दाखवत होता. पण इंजिनाखालची रबरं दगडासारखी कडक झाली होती आणि मीटरचे स्क्रू मात्र चकचकीत. त्यांनी दोन्ही वहीत लिहिलं.

सेल्फ मारला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा इंजिन खोकत उठलं. पांढरा धूर शेडभर झाला. पाचेक मिनिटांत धूर विरला आणि आवाज एकसारखा लागला.

"मस्त चालतोय की," बाई म्हणाल्या.

"रिकामा आहे अजून. पाठीवर ओझं नसताना कुणीही ताठ चालतं."

हीटरचा मोठा पिंजरा त्यांनी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मागवला होता. एकेक हीटर चालू केला की जनरेटरवर तेवढा लोड पडायचा. पाव लोडवर सेट ठीक होता. अर्ध्यावरही ठीक. प्रत्येक वेळी फ्रिक्वेन्सी जराशी दबायची आणि परत जागेवर यायची. फोरमन दर दहा मिनिटांनी आकडे लिहीत होते आणि आकडे बरे येत होते. त्यांना हळूहळू श्वास मोकळा घेता येऊ लागला. जावईही भिंतीला टेकून जरा सैल उभा राहिला.

मग त्यांनी पाऊण लोड टाकला.

चाळीस मिनिटं काही झालं नाही. त्यानंतर पाण्याचं तापमान चढायला लागलं. चौऱ्याण्णव. शहाण्णव. रेडिएटरशेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येऊ लागले, आधी एखाददुसरा, मग भांड्यात पाणी उकळावं तसे. म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट गेलेलं होतं आणि जळलेला वायू पाण्यात शिरत होता. फोरमन काट्याकडे बघत उभे राहिले. अठ्ठ्याण्णवला सेटनं आपोआप बंद पडायला हवं होतं. काटा अठ्ठ्याण्णववर आला. शंभरवर गेला. एकशे दोन. सेट चालूच.

त्यांनी एकेक हीटर बंद केला, इंजिन थोडा वेळ रिकामं फिरवून थांबवलं आणि पॅनेलचं झाकण उघडलं. तापमानाचा संरक्षक स्विच होता तिथे लाल वायरचा बोटभर तुकडा आडवा जोडला होता. इंजिन कितीही तापलं तरी सेट बंद पडू नये, म्हणून. वायरीला तीन वेढे देऊन टोक उलटं दुमडलेलं होतं. अशी वायर बांधायला एक्स्चेंजच्या तळघरात त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्याखेरीज असं बांधणारा त्यांनी दुसरा एकच पाहिला होता.

ते जावयाकडे वळले नाहीत. बाकड्यावर बसून लिहिलं: 'हेड गॅस्केट गेले आहे. तापमानाचे संरक्षण मुद्दाम निकामी केले आहे. मीटर बदलला आहे. हेड उघडून दुरुस्त केल्याशिवाय हा सेट घेऊ नये.' सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला.

"आणखी एक, मॅडम. हे माझे जावई आहेत. हे मी सकाळीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा जावयाकडे पाहिलं. "मग या कागदाचं मी काय समजायचं?"

"लिहिलंय तेवढंच समजा."

गाडीतून सोडते म्हणाल्या, तर ते नको म्हणाले. चालत घरी आले. बायकोनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुमचं बरोबरच आहे. पण तोंड मला दाखवायचंय तिला."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. रडून आवाज बसला होता.

"बाबा, जगात एवढं एकच यंत्र सापडलं का तुम्हाला खरं बोलायला?"

"बेटा, तिथे आठ माणसं..."

तिनं फोन ठेवला होता.

त्यानंतरचे रविवार रिकामे गेले. बायको मधूनच एकटी लेकीकडे जाऊन यायची. आल्यावर काय बोलणं झालं ते सांगायची नाही आणि तेही विचारायचे नाहीत.

महिन्याभरानं डॉक्टरबाईंचा फोन आला. सेट बसवलाय, एकदा नजर टाकून जा. दुसरा कुठला तरी घेतला असेल म्हणून फोरमन उत्साहानं गेले. सेंटरच्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली, तोच सेट उभा होता.

"तुमचे आभारच मानायचे होते," बाई म्हणाल्या. "तुमचा कागद समोर ठेवला आणि निम्म्यात पडला. तुमच्या जावयांना बोलायला जागाच राहिली नाही."

"पण मी घेऊ नये असं लिहिलं होतं."

"दुरुस्त केल्याशिवाय, असं लिहिलं होतं. करून घेऊ ना. पुढच्या वर्षी. आत्ता नवीन मशीन यायचंय. आणि खरं सांगू? दुसरा घेतला असता तर त्याच्यात काय दडलंय ते ठाऊक नसतं. याचं निदान ठाऊक तरी आहे."

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. एखादा रोगी तपासून आल्यासारख्या शांतपणे त्या बोलत होत्या. फोरमनना आपल्या सहीचा कागद डोळ्यांसमोर दिसला, भाव पाडायला टेबलावर सरकवलेला. लेक त्या कागदापायी दुरावली होती.

त्यांनी पॅनेल उघडलं. लाल वायर तशीच होती.

"ही तरी काढतो," ते म्हणाले. "मॅडम, नीट ऐका. आता सेट फार तापला की स्वतःहून बंद पडेल. पूर्ण लोडवर पाऊण तासात पडेल. वीज गेली की सगळे एसी बंद करायला सांगा. पाणी रोज बघा. आणि हेडचं काम पुढच्या वर्षावर टाकू नका."

"हो हो," बाई म्हणाल्या. त्यांचा फोन वाजत होता. फोरमननी तेच सगळं कागदावर लिहून नर्सच्या टेबलावर, काचेखाली, सरकवून ठेवलं.

पुढे दीड महिन्यानं, उन्हाच्या तडाख्यात सकाळी अकराला वीज गेली ती दोन-अडीच तास आलीच नाही. आठही खाटा भरलेल्या होत्या. एसी कुणीच बंद केले नाहीत. उकडत होतं आणि रोगी कुरकुरले असते. त्रेचाळिसाव्या मिनिटाला सेट बंद पडला. डायलिसिसच्या यंत्रांमधल्या बॅटऱ्या जुन्या होत्या, त्या काही मिनिटांत संपल्या. नर्सनी यंत्रांचे दांडे हातानं फिरवून नळ्यांमधलं रक्त रोग्यांच्या अंगात परत घातलं. नर्स तीन आणि रोगी आठ. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या नळीत रक्त गोठलं आणि तेवढं फेकून द्यावं लागलं. त्यांना दुसरं रक्त चढवलं. कुणी दगावलं नाही.

बाईंनी फोन केला तो जावयाला. तो वीस मिनिटांत पाण्याचे कॅन घेऊन हजर झाला, एसी बंद करायला लावले, इंजिन निवू दिलं, पाणी भरलं, लाल वायर परत जोडली आणि सेट चालू करून दिला. वीज येईपर्यंत आणखी तासभर तो सेट चालला.

फोरमनना हे इलेक्ट्रिशियनकडून कळलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून सेंटरवर गेले. जावई तिथेच होता, सेटजवळ हात पुसत. मास्तरांचा मुलगा बाईंशी वाद घालत होता. फोरमनना पाहून बाई म्हणाल्या, "वायर यांनी काढली होती."

"हेच का ते?" मुलानं विचारलं.

"मॅडम, ती वायर असती तर काल इंजिन जाम झालं असतं," फोरमन म्हणाले. "मग काल काय, सहा महिने काही चालू झालं नसतं. मी लिहून ठेवलंय. एसी बंद करा म्हणून. ते बघा, काचेखाली..."

"इंजिन जळलं असतं तर जळू द्यायचं होतं! इंजिन महत्त्वाचं की माणूस?" मुलगा ओरडला.

"तुम्ही म्हणालात जाम झालं असतं," बाई म्हणाल्या. "यांनी वायर लावली आणि तासभर चालला की. माझ्या डोळ्यांसमोर."

त्याचं उत्तर फोरमनकडे होतं. पाणी भरलेलं होतं, एसी बंद होते, लोड निम्मा होता. पण ते सांगायला लागले तसं त्यांच्या लक्षात आलं की कुणी ऐकत नाही. एकतीस वर्षांत आपल्या शब्दाला इतकं हलकं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

जावई पुढे झाला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, मॅडम. बाबांचं वय झालंय. त्यांची आपली एक्स्चेंजची जुनी पद्धत. मनात काही नसतं त्यांच्या." मग त्यांच्याकडे वळून हळूच, अगदी मायेनं म्हणाला, "चला बाबा, घरी सोडतो तुम्हाला."

आणि ते त्याच्या गाडीत बसले.

सेंटरच्या जनरेटरची वर्षभराची देखभाल जावयाकडे गेली, आणि त्यावरून आणखी दोन दवाखान्यांची. फोरमनना तपासणीसाठी बोलावणं हळूहळू थांबलं. कुणी काही बोललं नाही, फोन येईनासे झाले एवढंच. लेक मात्र परत रविवारी यायला लागली. पहिल्या खेपेला तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, झालं गेलं विसरून जाऊ. हे काही मनात धरून बसणारे नाहीत. तुम्हीही नका धरू." बायकोनं डोळ्यांना पदर लावला. आपल्याला माफ करण्यात आलंय, हे फोरमनच्या जरा उशिरा लक्षात आलं. ते "बरं" म्हणाले.

हेडचं काम अजून झालेलं नाही. सेट चालतो. त्या भागात वीज जाते ती बहुतेकदा थोडाच वेळ, जावई म्हणाला होता तशी.

सेंटर आणि फोरमनचं घर एकाच लाइनवर आहे. परवा दुपारी वीज गेली. बायको हातातल्या वर्तमानपत्रानं वारा घेत बसली. फोरमन खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. तीस मिनिटं झाली. पस्तीस. त्यांनी फोन उचलून जवळ ठेवला. आत्ता काटा शहाण्णववर असेल. आत्ता बाटलीत बुडबुडे सुटले असतील. चाळीस झाली आणि पंखा गरकन फिरायला लागला.

"आली बाई एकदाची," बायको म्हणाली.

फोरमनना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण छातीत जे खाली बसलं ते काय होतं हे त्यांना नेमकं कळलं. आठ माणसं नळ्या लावून पडलेली असताना ते मनात म्हणत होते: अजून पाच मिनिटं वीज येऊ नये. फक्त पाच.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं. "घाम का फुटलाय एवढा? पंखा तर चालू आहे."

"काही नाही," ते म्हणाले आणि फोन उलटा करून ठेवला.